डबा माश्यांनी भरला, आंबा तरी किडलाच: फळमाशीच्या सापळ्याकडून किती अपेक्षा धरायची

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुरबाड तालुक्यात धसईच्या बाजूला तुमची दीड एकराची वाडी. हापूस आणि केशर मिळून पंचावन्न कलमं, बांधावर तीन जुने रायवळ (गावठी) आंबे, विहिरीजवळ चार पेरू. राहायला तुम्ही नेरूळला, वाडीवर जाणं शनिवार-रविवारी. गेल्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वीस सापळे टांगले. आठ दिवसांत डबे माश्यांनी गच्च भरले, पण आढीत घातलेले आंबे कापायला घेतले तर जवळपास निम्मे आतून किडके. म्हणून विचारताय, यंदा चाळीस लावू, की हे सापळे म्हणजे नुसती धूळफेक आहे?

सापळे फसवे नाहीत, आणि चाळीस लावूनही फार फरक पडणार नाही. बदलापूर, मुरबाड, शहापूर या पट्ट्यात गेली बावीस वर्षं मी लोकांच्या बागा सांभाळतोय आणि तुमच्यासारखा प्रश्न मला दर जूनमध्ये चार-पाच जण तरी विचारतात. सगळ्यांची तक्रार एकच: एवढ्या माश्या मेल्या, मग आंबा टोचला कोणी?

आधी रोगच तो आहे ना, हे बघू. आंबा आतून खराब निघाला की लोक सरसकट फळमाशी म्हणतात. हापूसमध्ये कोयीभोवती पांढुरका, भुसभुशीत, आंबूस पट्टा दिसला आणि अळी एकही नसली तर तो साका. त्याचा कुठल्याही किडीशी संबंध नाही, सापळा त्यावर काही करणार नाही. कोयीच्या आत काळपट भुंगा निघाला तर तो कोयकिडा. तुम्ही मात्र लिहिलंय की बशीत ठेवलेली पांढरी अळी अंगाचं वेटोळं करून टुणकन उडाली आणि टेबलावर पडली. तेवढं पुरे. ती फळमाशीचीच अळी. तरी केशर आणि हापूस वेगळे कापून बघितले होते का, ते आठवा. हापूसमधल्या काही फळांचा दोष साक्याचा असू शकतो आणि मग 'निम्मे' हा आकडा थोडा खाली येईल.

आता मुख्य गोष्ट. सापळ्यातल्या वडीत मिथाइल युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं आणि त्या वासावर येतात ते फक्त नर. आंबा टोचते ती मादी. ती या डब्याकडे ढुंकूनही बघत नाही.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण पटलं वेगळ्याच दिवशी. सरळगावजवळच्या एका बागेत मालकाने असाच प्रश्न केला, तेव्हा आम्ही एक भरलेला डबा ओसरीवर वर्तमानपत्रावर उपडा केला आणि चष्मा लावून माश्या निवडायला बसलो, तांदूळ निवडतात तशा. मादीच्या पोटाचं टोक निमुळतं, सुईसारखं पुढे आलेलं असतं. नराचं बोथट, गोल. पाव तास निवडल्यावर एका बाजूला नरांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला दोन माद्या. त्या दोन्ही बहुतेक वाट चुकून आत शिरल्या असाव्यात. मालक म्हणाले, "म्हणजे मी वर्षभर नवरेच मारत होतो!"

नर मेले तर माद्यांना जोडीदार मिळणार नाही, मग फलित अंडी पडणार नाहीत, हा त्यामागचा हिशोब. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो. दहातले नऊ मेले तरी उरलेला दहावा बऱ्याच माद्यांचं काम भागवतो. म्हणजे नर कमी करून उपयोग नाही, ते जवळजवळ संपवावे लागतात, आणि तेही त्यांनी जोडी जमवायच्या आत. तुम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात सापळे लावलेत तेव्हा वाडीतल्या माद्यांची लग्नं लागून गेली होती आणि त्या अंडी घालत फिरत होत्या. डबे भरले ते वरातीनंतर मागे राहिलेल्या पाहुण्यांनी.

थोडं अवांतर. हा वास सापडला तोही गमतीनं, आणि आपल्याच देशात. बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास पळवायला वापरलेल्या सिट्रोनेला तेलावर फळमाश्या गोळा होतात, आणि त्या सगळ्या नर असतात, हे त्यांनी १९१२ मध्ये लिहिलं. पुढे १९१५ मध्ये त्या तेलातलं नेमकं द्रव्य मिथाइल युजेनॉल असल्याचं त्यांनी दाखवलं. तुळशीच्या काही जातींतही ते असतं. आपण याला 'कामगंध सापळा' म्हणतो खरे, पण हा मादीचा गंध नव्हे. नर ते द्रव्य खातो, अंगात मुरवतो आणि त्याचा स्वतःचा वास बनवतो. अशा नराला मादी पसंत करते. म्हणजे विडा खाऊन, अत्तर लावून निघालेला नवरदेव समजा. त्या विड्यासाठी तो जिवावर उदार होतो.

मादीचं काम मी एकदा जवळून पाहिलंय. सकाळी दहाच्या सुमारास केशराच्या खालच्या फांदीवर, पिवळा रंग धरायला लागलेल्या एका फळावर ती उतरली. आधी भोवती फिरली, पाय टेकवत, सोंडेनं चाचपत. मग पोट खाली वाकवून नळी सालीत घातली आणि मिनिटभर हलली नाही. ती उडाली तेव्हा तिथे टाचणीनं टोचल्यासारखं छिद्र होतं आणि त्यातून रसाचा एक थेंब वर आला. लगेच दुसरी आली आणि त्याच छिद्राशी वाकली. फळ काढून पाहिलं तर त्या छिद्राशिवाय बाहेरून एक डाग नाही. बाजारात ते फळ कोणीही एक नंबर म्हणून घेतलं असतं. आढीत दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, आठवडाभर अळ्या गर खातात, आणि तुम्ही नेरूळला सुरी घेऊन बसता तेव्हा जे दिसायचं ते दिसतं. थोडक्यात, तुमचे आंबे आढीत किडले नाहीत, ते झाडावरच टोचलेले होते.

आता तुमच्या वाडीचं खरं दुखणं. ते मला सापळ्यांत दिसत नाही, त्या तीन रायवळांखाली दिसतं.

रायवळ भरपूर धरतो, पिकतो आणि खाली पडतो. कोणी उचलत नाही, कारण कलमाच्या आंब्यापुढे त्याला किंमत नाही. हिशोब करा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक रायवळ पाड झाडाखाली पडला. त्यात अळ्या आधीच आहेत. दोन-तीन दिवसांत त्या पूर्ण वाढून फळातून बाहेर पडतात, बोटाच्या एक-दोन पेरांइतक्या मातीत शिरतात आणि कोषात जातात. दहा दिवसांनी त्यातून माशी निघते. लगेच अंडी घालत नाही. आठ-दहा दिवस तिला खाऊन-पिऊन तयार व्हावं लागतं. म्हणजे वीसेक मे. नेमकी तेव्हा तुमच्या केशरावर शेवटची, सर्वांत गोड फळं असतात. एका मादीची अंडी शेकड्यांत मोजतात. एका रायवळात अळ्या किती असतात ते एकदा सुरीने कापून मोजा, म्हणजे तीन झाडांखालचा सडा काय करतो ते वेगळं सांगावं लागणार नाही.

त्यात तुमचा आठवडा माशीच्या सोयीचा आहे. तुम्ही शनिवारी येता, पडलेली फळं गोळा करता, रविवारी संध्याकाळी निघता. सोमवारी पडलेलं फळ पुढच्या शनिवारपर्यंत तिथंच. तोवर अळ्या मातीत गेलेल्या असतात आणि तुम्ही उचलता ते रिकामं फळ. काम केल्याचं समाधान मिळतं, उपयोग काही होत नाही.

म्हणून यंदा पैसे खर्च करायचेच असतील तर वीस जादा सापळ्यांऐवजी वाडीवरच्या माणसाला एप्रिल, मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यासाठी वेगळे पैसे ठरवा. काम एकच: दर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गळ, म्हणजे खाली पडलेली फळं, उचलायची, रायवळाखालची आधी. त्या फळांचं काय करायचं यावर लोक हमखास चुकतात. शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, तिथे अळ्यांना मऊ माती आयतीच मिळते. ओढ्याकाठीही फेकू नका. दोन फूट खोल खड्डा घेऊन वरून माती दाबून भरा, किंवा जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवा; आतल्या अळ्या उष्णतेने मरतात. शेजाऱ्याची गुरं असतील तर त्याच दिवशी त्यांना घाला, तेही चालतं. झाडाखालची माती मार्चमध्ये आणि मेमध्ये वरवर उकरून घ्या. कोष उघडे पडले की ऊन आणि मुंग्या बरंच काम करतात. धसईकडे गावठी कोंबड्या सोडलेल्या असतात. त्या वाडीत येऊ द्या, हाकलू नका.

रायवळ तोडा असं मी सांगणार नाही. मला स्वतःला रायवळाचा रस हापूसपेक्षा आवडतो, आणि जुनी झाडं तोडायला सांगणारे सल्लागार मला पटत नाहीत. पण फळं तरी हिरवी असतानाच लोणच्याला उतरवून घ्या. झाडावर जितकी कमी पिकतील तितकं बरं.

आता सापळे. ते लावायचेच, पण वेळेवर आणि नीट. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला 'रक्षक' सापळा आपल्याकडे रुळलेला आहे आणि आंब्यासाठी त्यांची शिफारस हेक्टरी चार सापळ्यांची. मोठ्या, सलग बागेला ते बरोबर आहे. लहान वाडीला, भोवती दुसऱ्यांची मोकाट झाडं असतील तर मी एकरी पाच-सहा लावतो. तुमच्या दीड एकराला आठ-नऊ पुष्कळ झाले. म्हणजे तुमच्याकडे आहेत तेच जास्त आहेत. उरलेले काय करायचे ते पुढे सांगतो.

लावायचे कधी? फळ काढणीच्या दीड-दोन महिने आधी. तुमच्या भागात फळं सुपारीएवढी होऊन गेली की, साधारण मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. तेव्हा डब्यात आठवड्याला पाच-दहा माश्याच सापडतील आणि तुम्हाला वाटेल सापळा चालत नाही. पण तेव्हाचे दहा नर मेमधल्या हजारांपेक्षा मोलाचे आहेत. पिढी सुरू व्हायच्या आधी मारलेले आहेत ते.

टांगायचे सहा फुटांच्या आसपास, झाडाच्या घेरात, सावलीत, पण पानांत गुदमरतील असे नाही. वारा खेळला पाहिजे. उन्हात टांगलेली वडी लवकर उडून जाते. दोरीला मध्यभागी थोडं ग्रीस फासा, नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या रात्रीत उचलून नेतात आणि डबा रिकामा दिसतो. तळाला दोन बारीक छिद्रं पाडा, अवकाळी पावसाचं पाणी निघून जायला. वडी दीड महिन्याने बदला. मार्चमध्ये लावलेली मेपर्यंत तशीच ठेवणारे खूप जण असतात. त्यांच्या डब्यातल्या माश्या एप्रिलमधल्या असतात, आणि त्या बघून ते मेमध्ये निर्धास्त असतात.

बहुतेक सापळे बांधालगत लावा, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन, एक रायवळाजवळ आणि एक पेरूजवळ. मध्ये एक-दोन पुरे. लोक सगळे सापळे घराजवळ लावतात, कारण तिथे बघायला सोपं जातं. मीही सुरुवातीला तेच केलं होतं.

बाजारातल्या वड्यांबद्दल जरा सावध राहा. मी एकदा एका दुकानातून स्वस्त वड्यांचं खोकं घेतलं. वास छान होता, जेवणातल्या लवंगेसारखा. महिनाभर डब्यात माशी नाही. शेतकरी म्हणाला, बघा, तुमच्या औषधाने माश्याच गेल्या! नंतर कळलं की वडीत होतं ते लवंगेतलं साधं युजेनॉल. नाव जवळचं, किंमत कमी, आणि नर त्याला फारशी दाद देत नाहीत. तेव्हापासून नवीन खोकं आणलं की हंगामात सकाळी आठ-नऊच्या सुमारास एक वडी फांदीला लावून अर्धा तास बसतो. खरी असेल तर तेवढ्यात नर घिरट्या घालायला लागतात. नर या वासाला सकाळीच जास्त येतात, त्यामुळे दुपारी चाचणी घेऊन दुकानदाराशी भांडू नका.

घरी बनवणार असाल तर दोन गोष्टी. पूर्वी आम्ही सगळेच कापसाच्या बोळ्यावर मिथाइल युजेनॉल आणि डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक टाकायचो. डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कोणाच्या कपाटात जुनी बाटली असेल तर ती वापरू नका. आता त्याऐवजी मॅलॅथिऑन हे कीटकनाशक वापरतात. राष्ट्रीय पातळीवरच्या बागायती संस्थांनी सुचवलेली जुनी रीत अशी: स्पिरीट सहा भाग, मिथाइल युजेनॉल चार भाग, मॅलॅथिऑन एक भाग, त्यात प्लायवूडचे छोटे ठोकळे दोन दिवस भिजत ठेवायचे. हातमोजे घालून, उघड्यावर, स्वयंपाकघरापासून लांब. मिथाइल युजेनॉलला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय, तेव्हा तुळशीत असतं म्हणून हाताला चोळू नका. आणखी एक कारण आहे. एकदा घाईत माझ्या शर्टावर दोन-चार थेंब सांडले. दिवसभर बागेत मी जाईन तिथे माश्यांचं मोहोळ माझ्यामागे. संध्याकाळी बायकोने तो शर्ट घरात घेऊच दिला नाही, अंगणाबाहेर कुंपणावर टांगला. पुढचे चार दिवस तो आमचा सर्वांत चांगला सापळा होता.

माझी एक मोठी चूकही सांगतो. बदलापूरजवळ एका पेरूच्या बागेत पहिल्या वर्षी निकाल लागला नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी मी सापळे दुप्पट करायला लावले. तुम्ही आज जे विचारताय तेच. डबे दुप्पट भरले, पेरू तेवढेच किडले. तिसऱ्या वर्षी कुंपणापलीकडे नजर गेली. शेजारची वाडी बंद पडलेली, मालक परगावी, आणि आत जामाची दहा-बारा झाडं, खाली सडलेल्या फळांचा चिखल. माश्यांचा कारखाना तिकडे आणि आम्ही दाराशी मोजणी करत बसलेलो. मालकाला फोन करून, त्याच्या परवानगीने आम्हीच त्याची गळ उचलायला माणूस लावला. फरक त्या वर्षी पडला.

ही माशी किलोमीटरमध्ये उडते. पॅसिफिकमधल्या रोटा नावाच्या बेटावर १९६० च्या दशकात अमेरिकनांनी याच मिथाइल युजेनॉलने ती पूर्ण संपवली होती. विषात भिजवलेले तुकडे विमानातून टाकून. पण ते बेट होतं, चारी बाजूंना समुद्र. धसईच्या दीड एकराला समुद्र नाही. म्हणून तुमच्या उरलेल्या अकरा-बारा सापळ्यांचं उत्तम काय होईल तर ते डाव्या-उजव्या शेजाऱ्यांना फुकट देऊन टाका, वड्यांसकट, आणि लावूनही द्या. स्वतःच्या वाडीत दाटी करण्यापेक्षा त्याने जास्त उपयोग होईल.

माद्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. त्यांना मिथाइल युजेनॉल चालत नाही, पण अंडी तयार करायला प्रथिनं लागतात आणि गोडाचीही भूक असते. त्यावर प्रथिनाचं किंवा गुळाचं आमिष आणि त्यात कीटकनाशक, असा उपाय आहे. सबंध झाडावर नाही, फक्त खोडाशी किंवा फळं नसलेल्या खालच्या फांदीवर जागोजागी थोडं. मात्रा बाटलीवरच्या लेबलाप्रमाणेच. पाऊस पडला की धुऊन जातं आणि पुन्हा करावं लागतं. वाडीवर माणूस आठवड्याने येत असेल तर हे नीट होत नाही, म्हणून तुम्हाला मी आग्रह करणार नाही.

तुमच्यासाठी त्याहून चांगला उपाय पिशवी. आंबा कोंबडीच्या अंड्याएवढा झाला की त्याला वर्तमानपत्राच्या कागदाची पिशवी घालायची, दापोलीच्या विद्यापीठाची ही शिफारस आहे. फळ डागत नाही, साकाही कमी होतो आणि मादीला सालीपर्यंत पोचता येत नाही. पंचावन्न झाडांना शक्य नाही हे मलाही कळतं. पण घरी खायची आणि नातेवाइकांना पाठवायची शंभर-दीडशे फळं, खालच्या फांद्यांवरची, तेवढी तरी करा. दोन शनिवार पुरतात. गेल्या वर्षीचा तुमचा सगळ्यांत मोठा मनस्ताप सासरी पाठवलेल्या पेटीचा होता, असं तुम्ही लिहिलंय. ती पेटी यंदा पिशवीतल्या आंब्यांची भरा.

आणि काढणी लवकर. तुम्ही झाडावर रंग येईपर्यंत थांबता, कारण शनिवारची वाट बघायची असते. मादी कडक हिरवं फळ सहसा सोडते. साल मऊ पडायला लागली, वास सुटला की तुटून पडते. कोकणात आम्ही आण्यांत मोजतो. चौदा आणे तयार झाला की झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट उतरवा. सोळा आणे व्हायची वाट पाहिलीत तर उरलेले दोन आणे माशीचे. पहिला पाऊस शिंतोडून गेल्यावर झाडावर राहिलेल्या फळांचा मोह सोडाच.

हे काही फक्त हौशी वाडीवाल्यांचं रडगाणं नाही. १ मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा बंद केला होता, आणि कारण हेच, पेट्यांत सापडलेली फळमाशी. आंब्याबरोबर कारलं, पडवळ, वांगं आणि अळूही अडकलं. २०१५ च्या जानेवारीत आंब्यावरची बंदी उठली. तेव्हापासून युरोपला जाणाऱ्या आंब्याला उष्ण पाण्याची किंवा वाफेची प्रक्रिया लागते. वाशीला पणन मंडळाच्या केंद्रात ती होते. पाण्याची पद्धत ४८ अंश सेल्सिअसला ६० मिनिटं. फळाच्या आतली अंडी-अळ्या त्यात मरतात. घरी गॅसवर पातेलं ठेवून हे करायला जाऊ नका, दोन-तीन अंशांच्या फरकाने एकतर अळी जगते नाहीतर आंबा शिजतो.

बाकी तुम्ही विचारलेल्या वस्तू भराभर. पिवळे चिकट कागद: फळमाशीसाठी नकोत, उपयोगी कीटकच जास्त चिकटतात. सौर दिव्याचा सापळा: ही माशी दिवसा काम करते, रात्री दिव्यावर येत नाही, पैसे वाया. किडलेल्या आंब्यावर फवारणी: अळी सालीच्या आत आहे, औषध बाहेर, आणि ते औषध शेवटी तुमच्याच पोटात. आंब्यावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या: चावतात, पण फळमाशीला त्या फळावर निवांत बसू देत नाहीत. काढणीला त्रास होत नसेल अशा झाडांवर राहू द्या.

शेवटी तुमचे चार पेरू. आंबा संपला की माश्या कुठे जातात, याचं उत्तर विहिरीजवळ आहे. पावसाळी पेरू म्हणजे आंबे बहाराचा, उन्हाळ्यात फुलून पावसात पिकणारा. तो ठाणे जिल्ह्यात जवळजवळ सगळा किडतो. माझं ऐकाल तर ही फुलं एप्रिल-मेमध्येच काढून टाका आणि फक्त मृग बहार धरा. त्याचं फळ थंडीत येतं, तेव्हा माशी मंदावलेली असते आणि चवही चांगली. असं केलंत की माश्यांना आंब्यानंतरचा मुक्काम मिळत नाही.

मांडवावर काकडी, कारली, शिराळी लावणार असाल तर ती माशी वेगळ्या जातीची, तिला मिथाइल युजेनॉल कळत नाही. तिला क्यू ल्युअर नावाचं दुसरं आमिष लागतं, आणि तेही वेगळ्या डब्यात. दोन्ही वड्या एकाच डब्यात घालून बचत करू नका, दोन्हींचा जोर कमी होतो. बोरावरची माशी तर तिसरीच, तिच्यावर यातलं काही चालत नाही.

मी हमी देत नाही. शेजारी ऐकले नाहीत, एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला, किंवा माणूस दोन आठवडे गावी गेला, तर आकडे बिघडतील. दीड एकरात फळमाशी शून्यावर येणार नाही. निम्म्यावरून दहात एकावर आली तरी मी तुमच्या जागी खूश असेन.

एक करा. मार्चपासून दर शनिवारी डबे उघडून माश्या मोजा आणि वहीत लिहा: बांधावरचे वेगळे, रायवळाजवळचा वेगळा, पेरूजवळचा वेगळा. अगदी एक-एक मोजायला नको, चहाचा चमचा भरून अंदाज घेतला तरी चालेल. ज्या आठवड्यात आकडा एकदम वर जाईल, त्याच्या मागच्या आठवड्यात गळ किती दिवसांनी उचलली होती तेही शेजारी लिहा. मेच्या पहिल्या आठवड्यात ते पान मला पाठवा. मग केशर कोणत्या दिवशी उतरवायचा ते सांगतो.